नूडल्सचा वाडगा आणि त्यातला रस्सा : आशियात कुठे काय मिळतं, घरी काय जमतं?

गवतीचहा

मंडळी, नूडल सूप म्हटलं की आपल्याकडे अजून दोनच गोष्टी डोळ्यासमोर येतात, एक ते कॉर्नफ्लोअर लावून घट्ट केलेलं, वर कुरकुरीत तळलेल्या नूडल्स टाकलेलं मांचाव आणि दुसरं पाकिटातली मसाल्याची पुडी फोडून केलेलं. दोन्हीला माझी ना नाही. पण क्वालालंपूरला राहायला आल्यापासून रोज बघतेय, इथे सकाळी सकाळी लोक रांग लावून जे वाडगे घेतात त्यात दर चार पावलांवर रस्सा बदलतो, आणि आपल्याकडे या सगळ्याला मिळून एकच नाव, 'चायनीज'. ते मला फार खटकतं म्हणून हा धागा काढतेय.

माझं म्हणणं असं की वाडगा ओळखायचा तो नूडल्सवरून नाही, रस्श्यावरून. खारटपणा कशाने आलाय, आंबटपणा कशाने आणि दाटपणा कशाने, एवढं बघितलं तरी तो कुठल्या मुलखातला ते बऱ्यापैकी कळतं. जपानात खारटपणा सोया सॉसचा नाहीतर मिसोचा म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याचा, व्हिएतनाम-थायलंडात फिश सॉसचा, इथे मलेशियात बेलाचान म्हणजे बारीक कोलंबी आंबवून केलेल्या वडीचा. दाटपणा म्हणाल तर उत्तर थायलंडात नारळाचं दूध, ब्रह्मदेशात चक्क बेसन.

आता सगळ्यांबद्दल लिहीत बसले तर दिवस पुरणार नाही, माझा जीव ज्याच्यात अडकलाय त्याबद्दल लिहिते. मलेशियातल्या पेनांग बेटाची असाम लाक्सा. लाक्सा म्हणजे इकडचं मसालेदार नूडल सूप. लाक्सा म्हटलं की सिंगापूरची नारळाच्या दुधातली सगळ्यांना माहीत असते, कातोंग भागातली तर नूडल्सचे आधीच तुकडे केलेली असते म्हणजे नुसत्या चमच्याने खाता येते. पेनांगच्या लाक्सात नारळाचा थेंब नाही. त्यात असतो बांगडा! इकान केम्बुंग म्हणतात तो मासा म्हणजे आपला बांगडाच किंवा त्याचा अगदी सख्खा भाऊ. तो उकडायचा, काटे काढून मांस कुस्करायचं, डोकी आणि काटे पुन्हा त्याच पाण्यात उकळून गाळून घ्यायचे. सुक्या मिरच्या, छोटे कांदे, ओली हळद, गवती चहा आणि बेलाचान यांचं वाटण त्या पाण्यात घालायचं. मग चिंचेचा कोळ, आणि चिंचेच्या जोडीला असाम केपिंग, ह्या एका फळाच्या वाळवलेल्या चकत्या असतात आणि हे झाड आपल्या कोकमाच्या कुळातलं आहे, दोन्ही गार्सिनिया. म्हणजे बघा, बांगडा, चिंच, कोकमाचा भाऊ, हळद, मिरची. मी मूळची दापोलीकडची, पहिला घोट घेतल्यावर मला हे सगळं कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

वरून घालतात काकडी, अननस, लाल कांदा, पुदिना, बुंगा कान्तान नावाची गुलाबी कळी अगदी बारीक चिरून, आणि शेवटी 'हे को' म्हणजे कोलंबीचा काकवीसारखा काळा गोडसर पाक चमचाभर. तो सगळा ढवळायचा नाही एकदम, थोडा थोडा मिसळत खायचा.

तुम्ही जिथे आहात तिथला वाडगा लिहा. आणि घरी कुणी काही केलं असेल तर तेही.

योकोहामाकर

मस्त धागा. रामेनवर म्हणजे जपानी नूडल सूपवर लिहितो, इथे राहतोय म्हणजे लिहायलाच पाहिजे.

रामेन मुळात चिनी, योकोहामासारख्या बंदरांच्या चायनाटाउनमधून पसरलं, तोक्योत आसाकुसाला १९१० साली राईराईकेन नावाचं दुकान निघालं तिथून ते सर्वसामान्यांचं झालं असं मानतात. पण इथल्या रामेनमधली खरी गंमत तुमच्या खारटपणाच्या प्रश्नातच आहे ताई. हाडांचा जो रस्सा तासन्तास उकळतात त्यात मीठ जवळजवळ नसतंच. मीठ असतं ते 'तारे' मध्ये, म्हणजे सोया सॉस, मीठ किंवा मिसोचं घट्ट मिश्रण. काउंटरवर बसलं की सगळं समोर दिसतं, रिकाम्या गरम वाडग्यात आधी तळाला पळीभर तारे, मग सुगंधी तेल किंवा चरबी, मग वरून उकळता रस्सा ओततात आणि तो ओतण्याच्या जोरानेच सगळं मिसळतं, मग नूडल्स, आणि वाडगा समोर येईपर्यंत मिनिटही जात नाही. त्यामुळे एकाच पातेल्यातून शोयु (सोया सॉसचं) पण निघतं आणि शिओ (मिठाचं) पण, फक्त तळाचं तारे बदलायचं.

गावागावाचं वेगळं आहे. साप्पोरोला थंडी म्हणून मिसो आणि वर लोणी-मका, क्युशूत डुकराच्या हाडांचा दुधासारखा पांढरा तोनकोत्सु. क्युशूतल्याच हाकाताच्या नूडल्स इतक्या बारीक की पटकन मऊ पडतात, म्हणून आधी थोड्याच देतात आणि रस्सा उरला की नुसत्या नूडल्सचा दुसरा घाणा मागवायचा, त्याला काएदामा म्हणतात. मला ही पद्धत सगळ्यात जास्त पटते, शेवटपर्यंत नूडल्सना दात लागतो.

स्वयंपाकवेडी

वाचायला छान वाटतंय पण आम्ही शाकाहारी लोकांनी काय करायचं? रस्सा महत्त्वाचा म्हणता आणि रस्सा तर सगळीकडे हाडांचा नाहीतर माशाचा. नुसत्या भाज्या उकळून केलेला घरचा स्टॉक फार मिळमिळीत होतो हा माझा अनुभव आहे.

योकोहामाकर

@स्वयंपाकवेडी, कोम्बु वापरून बघा. वाळवलेली समुद्री वनस्पती आहे, जाड पट्ट्या मिळतात. १९०८ साली किकुनाए इकेदा या जपानी शास्त्रज्ञाने कोम्बुच्याच पाण्यातून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला उमामी नाव दिलं. करायचं एवढंच की पट्टी रात्रभर गार पाण्यात भिजवायची, सकाळी मंद आचेवर ठेवायची आणि उकळी फुटायच्या आधी पट्टी काढून घ्यायची, उकळली तर बुळबुळीत आणि कडवट होतं. पट्टीवर जी पांढरी भुकटी दिसते ती धुऊन टाकू नका, ओल्या फडक्याने पुसलं तरी बास. दुसऱ्या भांड्यात वाळवलेले शिताके मशरूम गार पाण्यात रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. दोन्ही पाणी एकत्र करा. शिताके आणि कोम्बु दोघांची चव एकमेकांना कितीतरी पट वाढवते, हे नुसतं म्हणणं नाही, त्यामागे रसायनशास्त्र आहे. इथल्या बौद्ध मठांच्या स्वयंपाकात हाच रस्सा असतो.

बाहेर खाताना मात्र सांभाळा, इथे साध्या दिसणाऱ्या सोबा-उदोन या नूडल्सच्या रस्श्यातही कात्सुओबुशी म्हणजे वाळवलेल्या माशाचा कीस असतो. कागावाच्या सानुकी उदोनच्या रस्श्यात तर सुके बारीक मासे असतात. विचारल्याशिवाय खाऊ नका.

सायकलवाला

व्हिएतनाममध्ये शाकाहारी लोकांना 'चाय' म्हणजे शाकाहारी ही पाटी शोधायची. चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी बरेच बौद्ध लोक मांस खात नाहीत, त्यामुळे त्या दिवशी चाय दुकानांत खूप गर्दी असते. फो म्हणजे तिथलं प्रसिद्ध नूडल सूप, त्यातल्या फो चायचा रस्सा पांढरा मुळा, गाजर, मक्याची कणसं आणि मशरूम उकळून करतात, मुळा-मक्याचा गोडवा उतरतो त्यात.

मी कामानिमित्त हनोईत होतो. फो बद्दल लोक लिहितात तेव्हा बहुतेक वेळा सायगॉनच्या फो बद्दल लिहितात, सोबत पाल्याची परडी, मोड आलेले मूग, होइसिन सॉस, लिंबू. हनोईचा वाडगा सरळ असतो, रस्सा, भाताच्या पिठाच्या चपट्या नूडल्स, गोमांस किंवा कोंबडी, वर भरपूर कांद्याची पात आणि टेबलावर लसूण घातलेला व्हिनेगर. फो उत्तरेकडचाच, हनोई आणि नाम दिन्ह, विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा. १९५४ ला देशाची फाळणी झाली तेव्हा उत्तरेतून लाखो लोक दक्षिणेत गेले, त्यांच्याबरोबर तोही गेला आणि तिकडचा पाला-सॉस त्याला चिकटला. मला विचाराल तर हनोईचाच. सॉस ओतल्यावर रस्श्यात काय होतं ते कळतच नाही.

आणि मसाले बघा, बाद्यान, दालचिनी, लवंग, धणे आणि थाओ क्वा, हा आपल्या मसाला वेलदोड्याचा जवळचा नातेवाईक. आलं आणि कांदा सालासकट विस्तवावर काळे होईपर्यंत भाजायचे, काळं साल खरवडायचं आणि मग रस्श्यात टाकायचे. आमच्या धुळ्याकडे काळ्या मसाल्यासाठी कांदा असाच निखाऱ्यावर भाजतात. फरक एवढाच की आपण ते वाटून रस्श्यात जिरवतो, ते अख्खं ठेवून काढून टाकतात आणि रस्सा पाण्यासारखा नितळ ठेवतात. त्यासाठी हाडं आधी एकदा उकळून ते पाणी फेकून देतात, हाडं धुतात आणि मग नव्या पाण्यात अगदी मंद ठेवतात. आच जरा मोठी झाली की रस्सा गढूळ.

पिठाचागोळा

माझं मत थोडं वेगळं. रस्सा रस्सा करताय सगळे पण लान्झोउला जाऊन बघा. चीनमधल्या कान्सू प्रांताची राजधानी, पिवळ्या नदीच्या काठी. तिथले बीफ नूडल्स हुई मुसलमानांचे, १९१५ च्या सुमारास मा बाओझी यांनी विकायला सुरुवात केली असं सांगतात. रस्सा उत्तम असतोच, त्याचं सूत्रच आहे, रस्सा नितळ, मुळा पांढरा, मिरचीचं तेल लाल, कोथिंबीर-लसणीची पात हिरवी आणि नूडल्स पिवळ्या. पण गिऱ्हाईक काउंटरवर जाऊन रस्सा सांगत नाही हो, नूडल्सची जाडी सांगतं! केसासारख्या बारीक, पातीच्या पानाएवढ्या चपट्या, पट्ट्यासारख्या रुंद. आणि तो माणूस एकच गोळा घेऊन दोन्ही हातांनी ताणतो, दुमडतो, पुन्हा ताणतो, दर दुमडीला धागे दुप्पट, सात-आठ दुमडीत शे-दोनशे धागे हातात. बघता बघता पातेल्यात.

हे जमतं ते क्षारामुळे. तिकडच्या रखरखीत भागातल्या एका झुडपाची राख असते, पेंगहुई म्हणतात, ती कणकेत घालतात. रामेनमध्ये तेच काम कान्सुई नावाचं क्षाराचं पाणी करतं. पिवळा रंग अंड्याचा नसतो बऱ्याचदा, त्या क्षाराचा असतो. आपल्या उडदाच्या पापडात पापडखार घालतो ना, तोही त्याच जातीचा क्षार. घरी करायचं असेल तर खायचा सोडा ताटात पसरून ओव्हनमध्ये साधारण १२० अंशांवर तासभर भाजा, तो तीव्र होतो, मग पिठाच्या वजनाच्या एक टक्का एवढा सोडा पाण्यात विरघळवून मैद्यात घाला. भाजलेल्या सोड्याला उघडा हात लावू नका, कातडीला झोंबतो.

गवतीचहा

@पिठाचागोळा, लान्झोउच्या बाबतीत तुमचं म्हणणं मान्य, तिथे नूडल्सच राजा. पण तोच कारागीर तोच गोळा ताणून साध्या गरम पाण्यात टाकून देईल तर लोक रांग लावतील का? मला नाही वाटत. क्षाराची माहिती मात्र फारच उपयोगी, पापडखार लक्षात ठेवलाय.

@स्वयंपाकवेडी, तैवानला कधी गेलीस तर तिथली बौद्ध शाकाहारी दुकानं बघ, त्यातली बरीचशी कांदा-लसूणही वापरत नाहीत, त्यामुळे कांदा-लसूण न खाणाऱ्या मंडळींनाही चालतं. आणि लाक्साची तयार पेस्ट विकत घेतेस तेव्हा पाकीट नीट वाच, बेलाचान असतोच असतो.

अड्यारकर

चेन्नईत असणाऱ्यांसाठी : बर्मा बाजारजवळ सेकंड लाइन बीचला संध्याकाळी 'अथो' च्या गाड्या लागतात. ब्रह्मदेशातून परत आलेल्या तमिळ लोकांनी आणलेलं खाणं. १९४२ ला जपानी फौजा आल्या तेव्हा आणि नंतर १९६२ च्या लष्करी उठावानंतर दुकानं-धंदे सरकारने ताब्यात घेतले तेव्हा, असे दोनदा लाखो भारतीय तिकडून निघाले. हातात जे घेता आलं ते घेतलं असेल, पण चव डोक्यात होती ती कुणी काढून घेऊ शकलं नाही. अथो स्वतः कोरडं, हाताने कालवलेल्या नूडल्स, कोबी, तळलेला कांदा, चिंचेचं पाणी, पण सोबत वाटीत देतात तो केळीच्या खुंटाच्या गाभ्याचा रस्सा, तो मोहिंगाच्या कुळातला. मोहिंगा म्हणजे ब्रह्मदेशाचा सकाळचा नाश्ता, मागूर जातीचा मासा, गवती चहा, केळीचा गाभा, दाटपणाला बेसन किंवा भाजलेल्या तांदळाचं पीठ, बारीक तांदळाच्या शेवया आणि वर डाळीची कुरकुरीत भजी चुरून.

मुंबईत खाऊ स्वे म्हणून जे लग्नांत लाइव्ह काउंटरला असतं तेही तिकडचंच, मूळचं ओन नो खाउक स्वे, नारळाचं दूध, कोंबडी आणि बेसन. काउंटरवरच्या वीस वाट्या बघून लोक सगळंच थोडं थोडं घालतात. तळलेला लसूण, लिंबू, उकडलेलं अंडं, कुरकुरीत नूडल्स आणि मिरचीची पूड, एवढं पुरे. उत्तर थायलंडात च्यांग माईला खाओ सोई मिळतं ते याचंच भावंड, चीनच्या युनान प्रांतातून येणाऱ्या मुसलमान व्यापाऱ्यांशी त्याचं नाव जोडलं जातं, सोबत मोहरीच्या पाल्याचं लोणचं असतं, ते वगळू नका, नारळाच्या जडपणाला तेच तोडतं.

निवृत्तकाका

थुक्पा कुणीच काढला नाही अजून! लडाखला नोकरी झाली. तिबेटी थुक्पात मसाल्याचा गाजावाजा नाही, याकचं किंवा मटणाचं हाड, मुळा, पालक, मीठ. त्यातला थेन्थुक मला सर्वांत प्रिय, कणकेची लांब पट्टी हातावर घेऊन अंगठ्याने चपटी करत तिचे तुकडे तोडून थेट उकळत्या पातेल्यात टाकत जायचे. चारपाच जण पातेल्याभोवती उभे राहून तोडतात, तेव्हा पहिला तुकडा आणि शेवटचा तुकडा यात शिजण्याचा फार फरक पडत नाही. एकट्याने केलं की पडतो.

अर्जुनी

काका, तिबेटी लोक आपल्या महाराष्ट्रातही आहेत, आमच्या गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यात नोरग्येलिंग वसाहत आहे, १९७० च्या दशकापासूनची. इकडच्या बऱ्याच लोकांना जिल्ह्याबाहेर हे माहीतच नसतं.

तिबेटी नववर्ष लोसारच्या आधी, बाराव्या महिन्याच्या २९ तारखेच्या रात्री गुथुक करतात. थुक्पाच, पण प्रत्येकाच्या वाडग्यात कणकेचा एक मोठा गोळा असतो आणि त्यात काहीतरी दडवलेलं असतं. मिरची निघाली तर बडबड्या, कोळसा निघाला तर काळ्या मनाचा, लोकर निघाली तर मायाळू. सगळे मिळून गोळे फोडतात, घरभर हसणं. उरलेलं घराबाहेर नेऊन टाकतात, जुन्या वर्षाची पीडा त्याबरोबर जाते असं मानतात.

हिमकण

कोरियाचा उल्लेख राहिला म्हणून : नेंगम्योन, बर्फाळ रस्श्यातल्या बकव्हीटच्या म्हणजे कुट्टूच्या नूडल्स. आता उन्हाळ्यात खातात पण मूळ हिवाळ्यातला पदार्थ, मुळ्याच्या पाणीदार किमचीचं म्हणजे आंबवलेल्या लोणच्याचं आंबट गार पाणी रस्श्यात घालायचे. प्योंगयांगची पद्धत सर्वांत प्रसिद्ध. एप्रिल २०१८ मध्ये दोन्ही कोरियांचे नेते भेटले तेव्हा मेजवानीला हेच होतं, आणि त्या दिवशी सोलमधल्या नेंगम्योनच्या दुकानांपुढे रांगा लागल्या होत्या. पहिल्यांदा खाताना फिकं वाटेल, व्हिनेगर-मोहरी ओतायची घाई करू नका, अर्धा वाडगा तसाच खा.

तिरफळ

मी मालवणचा. वरचं असाम लाक्साचं वाचल्यापासून एकच डोक्यात आहे, हे तर घरी होतंय! बांगडा आहे, चिंच आहे, कोकम आहे, गवती चहा परसात आहे. नूडल्स कुठल्या असतात त्यात? जाड तांदळाच्या ना? मग आमचे शिरवाळे आहेत की. तांदळाच्या पिठाची उकड, गोळे पाण्यात उकळून गरम गरम लाकडी साच्यातून दाबायचे. आम्ही ते नारळाच्या गोड रसाबरोबर खातो, पण तिखट-आंबट रस्श्यात का चालू नयेत?

दोन शंका. कोकम घातलं तर रस्सा लाल होईल का, आणि बेलाचान इथे मिळणार नाही, त्याला काय?

गवतीचहा

@तिरफळ, वाचून इतकं बरं वाटलं! शिरवाळे अगदी चालतील, फक्त किंचित जाड पडतील असा साचा घ्या आणि तेलाचा हात लावून मोकळे ठेवा.

कोकमाने रंग येणार, असाम केपिंगला तसा रंग नसतो. म्हणून मुख्य आंबटपणा चिंचेचा ठेवा, कोकमं तीन-चारच घाला आणि शेवटच्या दहा मिनिटांत. बेलाचानऐवजी जवळा कोरडा भाजून वाटणातच वाटा, आंबवल्याचा वास येणार नाही पण खोली येईल. गवती चहाची पाती घेऊ नका, चहाला लागतात ती. मुळाजवळचा पांढरट दांडा घ्यायचा, बाहेरची राठ पानं सोलायची, आतला कोवळा भाग वाटणात आणि उरलेला दांडा ठेचून रस्श्यात. बुंगा कान्तान सोडून द्या, पुदिना जरा सढळ हाताने घाला. हे को नसेल तर गूळ अगदी सुपारीएवढा.

तिरफळ

जमेल. तिरफळं चार टाकू का? आमच्याकडे बांगडा म्हटला की हात आपोआप डब्याकडे जातो.

पिठाचागोळा

तिरफळ हे सिचुआनच्या मिरीचं भावंड आहे, दोन्ही झॅन्थोझायलम, म्हणून तोंडात तीच झिणझिण येते. चव वाईट लागणार नाही, पण मग ती पेनांगची लाक्सा राहणार नाही.

गवतीचहा

पहिल्या खेपेला नको, आधी मूळ चव कळू दे, दुसऱ्यांदा खुशाल घाला आणि इथे येऊन लिहा. आणि एक सांगायचं राहिलंच, वाडगा भरताना इथले विक्रेते काय करतात, नूडल्स वाडग्यात घालून वर उकळता रस्सा ओततात आणि लगेच तो परत पातेल्यात निथळून घेतात, असं तीन-चार वेळा, मगच शेवटचा रस्सा ठेवतात. नूडल्स गार असतात ना, त्या आतपर्यंत गरम होतात आणि रस्सा त्यांना धरतो. शिरवाळे मऊ असतात म्हणून झाऱ्यात धरून वरून रस्सा सोडलात तर तुटणार नाहीत.

स्वयंपाकवेडी

बांगड्याशिवाय करणार आहे मी, कोम्बु-शिताकेच्या पाण्यात, कच्च्या फणसाचे तुकडे कुस्करून. कोम्बु ऑनलाइन मागवलाय. चिंच किती घालायची साधारण दीड लिटर रस्श्याला?

गवतीचहा

मोठ्या लिंबाएवढी, बिया काढलेली. पण कोळ एकदम ओतू नकोस, निम्मा घाल, पाच मिनिटं उकळू दे आणि चाखून बघ, फणस मिळमिळीत असतो म्हणजे कदाचित सगळा लागेल.